ऐंशी टक्के पूर्ण

५ मार्च

साइटवरची रोजनिशी मी गेली कित्येक वर्षं लिहितो आहे. किती माणसं आली, किती काँक्रीट पडलं, काम कुणामुळे थांबलं. त्यात मनातलं काही लिहायचं नसतं, आणि लिहिलं तर साहेब वाचतात. म्हणून ही दुसरी.

आज घरासाठी गँट चार्ट केला. कामाचं नाव, 'आईला घरी आणणे'. मी पुलांचे आराखडे करतो तीच पद्धत. सगळा पूल एकदम डोळ्यांसमोर आणला तर माणूस घाबरतो, म्हणून त्याचे तुकडे पाडायचे. डावीकडे तुकड्यांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येकासमोर तो जितके दिवस चालणार तितकी लांब पट्टी. एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नसेल तर मधे बाण. सामानाची खोली रिकामी करणे, न्हाणीघराचं दार रुंद करणे, न घसरणारी फरशी, भिंतीला धरायला दांडे, वरखाली होणारा पलंग. आणि शेवटी, 'आईला उठवणे, बसवणे, स्वच्छता शिकणे'. आई सध्या आहे त्या शुश्रूषा केंद्रातल्या सिस्टर घरच्या एका माणसाला हे शिकवतात, त्याशिवाय पेशंटला सोडत नाहीत. तिथून बाण थेट आईच्या घरी येण्याकडे. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात मी माझं नाव घातलं. बायको आणि धाकटा भाऊ समोर बसले होते. मोठा मुलगा मी, दुसऱ्या कुणाचं घालणार?

आता जे लिहायला ही वही काढली ते. अर्धांगाचा झटका आला त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आईचं अंथरूण खराब झालं. खोलीत मी एकटाच होतो. तिला बोलता येत नव्हतं, तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी 'सिस्टरना बोलावतो' म्हणालो आणि बाहेर पडलो. बोलावलंसुद्धा. पण परत आत गेलो नाही. कॉरिडॉरमध्ये फोन कानाला लावून उभा राहिलो. फोनवर पलीकडे कुणीही नव्हतं. मला किळस आली होती. स्वतःच्या आईची. हे लिहितानाही कान तापलेत.

९ मार्च

सोमवार. ऑफिसात असते तशी आढावा बैठक घरीही घेतली. ही भाजी निवडत बसली होती, धाकटा फोनच्या स्पीकरवर, त्याच्या गॅरेजमधली ठोकाठोक सगळी बैठकभर ऐकू येत होती.

"खोली रिकामी झाली," ही म्हणाली.

"तुझी तारीख वीस आहे."

"मग वीसपर्यंत परत भरून ठेवू का?"

धाकटा तिकडे खो खो हसला. "वहिनी, नको, दादाचा चार्ट बिघडेल."

हसतात, हसू देत. पण एवढ्या लवकर खोली रिकामी झाली म्हणजे कामाचा अंदाजच चुकला, हे कुणाला कळत नाही. पट्टी पुसून हिरवी केली. माझ्या पट्टीकडे बोट दाखवून हिनं विचारलं, "हे कधी?" म्हटलं, शनिवारी.

१४ मार्च

शनिवार. केंद्रात गेलो. सिस्टर दारातच भेटल्या. "आज आजी दमल्यात. शिकवायचं पुढच्या वेळी बघू."

माझा जीव भांड्यात पडला. मी तोंड मात्र वाईट वाटल्यासारखं केलं.

आईजवळ थोडा वेळ बसलो. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या 'हॅलो'वर माणसं सरळ बोलायला लागत, असा आवाज. आता प्रत्येक शब्द जिना चढून आल्यासारखा येतो. चार्टची प्रत तिच्या हातात दिली. डाव्या हाताच्या बोटानं ती पट्ट्यांवरून शेवटपर्यंत गेली.

"कधी?"

"अकरा एप्रिल."

"बरं," म्हणाली.

घरी येऊन 'विलंबाचं कारण' या रकान्यात लिहिलं, 'केंद्राकडून'. खोटं नाही ते.

१८ मार्च

आईनं यावं हे हिला नको आहे की काय, अशी शंका येते. तोंडानं काही बोलत नाही, पण दुपारची कुठेतरी जाते. कालही मी लवकर आलो तर घराला कुलूप. विचारलं तर "कामं असतात हो" एवढंच. आल्यावर हातांना कसल्यातरी औषधी साबणाचा वास येत होता. आई म्हणजे तिला जबाबदारीच, तिची थोडीच ती जन्मदाती? मी हिला दोष देत नाही. पण मनातून जरा दुखावलो.

२१ मार्च

पुन्हा केंद्र. "आजींचं पोट बरं नाही," सिस्टर म्हणाल्या. "आज नको."

पुन्हा तेच, आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्या वाटण्याची लाज वाटली. गाडीत बसून स्वतःला म्हटलं, तुझी काय चूक? तू तर गेला होतास.

२३ मार्च

चूक सापडली. 'शिकणे' हा तुकडा फार मोठा ठेवला होता, म्हणूनच तो हलत नव्हता. मोठा तुकडा अडला की तो आणखी फोडायचा असतो, हे मी नव्या मुलांना नेहमी शिकवतो. मग त्याचे उपतुकडे केले. माहितीपुस्तिका आणणे. पुस्तिका वाचणे. हातमोजे आणणे. एप्रन आणणे. शंकांची टिपणं काढणे. सिस्टरना फोन करणे. व्हिडिओ बघणे. सोयीचा दिवस ठरवणे. आणि असंच आणखी एक-दोन. सगळ्यात खाली, 'प्रत्यक्ष करणे'.

बैठकीत धाकट्यानं विचारलं, "हातमोजे आणणं हेसुद्धा काम?"

"तयारीशिवाय काम नसतं."

"आणलेस?"

"आणले."

"मग झालं की रे तुझं दहा टक्के," तो म्हणाला, आणि पलीकडे कुणालातरी पाना मागितला.

त्याला चेष्टा वाटली. पण खरंच दहा टक्के झालं होतं. मी भरून टाकलं आणि बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं.

२७ मार्च

ऑफिसात पायाच्या कामाच्या ठेकेदाराला सर्वांसमोर झापलं. त्यानं सत्तर टक्के प्रगती दाखवली होती. जाऊन बघितलं तर खड्डाच खणलेला नाही. कुंपण घातलं, फलक लावला, फावडी आणली, मुकादम नेमला, आणि या प्रत्येकाचे टक्के लावून बसला होता. मी म्हणालो, "अहो, माती कुठे हललीय? एक घमेलं तरी माती काढलीत का?" त्यानं मान खाली घातली. मोठ्या साहेबांनी नंतर माझी पाठ थोपटली, म्हणाले, तुमच्या डोळ्यात धूळ फेकणं अवघड आहे.

घरी आल्यावर जेवायच्या टेबलाशी भिंतीकडे पाठ करून बसलो. तिथल्या भिंतीवरच चार्ट आहे. ही म्हणाली, आज इकडे का बसलात? म्हटलं, उजेड डोळ्यांवर येतो.

४ एप्रिल

फरशी झाली. दांडे बसले. धाकट्यानं स्वतः लोंबकळून बघितलं आणि म्हणाला, आई काय, वहिनींचा सगळा माहेरचा गोतावळा लोंबकळला तरी निघायचे नाहीत. पलंग आला. सगळ्या पट्ट्या हिरव्या. माझी ऐंशी टक्के.

केंद्रात गेलो. सिस्टर "आज जरा..." एवढंच म्हणाल्या आणि मी लगेच "काही हरकत नाही" म्हणालो. त्यांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मनगट केवढंसं झालं आहे. डॉक्टर फेरीवर होते, त्यांनी मला बाजूला घेतलं. "व्यायाम करत नाहीत. जेवत नाहीत धड. हात सुधारत होता, तोही थांबला. इथे त्या मनानं खचत चालल्यात. घरी न्या, उभारी धरतील. उशीर कराल तर मग नेऊनही उपयोग नाही."

मी म्हणालो, आमच्याकडून सगळं तयार आहे, तुमच्या केंद्राकडूनच उशीर होतो आहे. ते गोंधळल्यासारखे दिसले.

चार्टची नवी प्रत आईच्या उशाशी ठेवली. तारीख पंचवीस एप्रिल केली आहे. तिनं या वेळी 'कधी' विचारलं नाही.

६ एप्रिल

बैठकीला धाकटा स्वतः आला. हात काळे, तसाच भिंतीसमोर उभा राहिला आणि माझी पट्टी वाचली, सगळे उपतुकडे, एक एक करून.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"आजारी पडल्यापासून तू आईला हात लावलायस?"

मी म्हणालो, काय वाट्टेल ते बोलू नकोस. दर शनिवारी जातो मी. तेच लोक आज नको, उद्या नको करतात. तो म्हणाला, "मी ते नाही विचारलं." ही भांडी विसळत होती, तिनं नळ बंद केला, पण वळली नाही.

माझा तोल गेला. तुझं काय जातं बोलायला, तू फरशी बसवून मोकळा झालास, असं काहीतरी बोललो. तो चहा न घेताच गेला. लाज माझी होती आणि मी राग त्याच्यावर काढला, हे तो जिना उतरेपर्यंत मला कळलं होतं. तरी हाक मारली नाही.

बुधवारी रजा टाकून केंद्राच्या व्यवस्थापकांना भेटतो. याचा सोक्षमोक्ष लावायलाच हवा.

८ एप्रिल

हे लिहावं की नाही, कळत नाही.

व्यवस्थापकांसमोर मी चार्ट उलगडला. तीन लाल खुणा दाखवल्या, तीनही वेळा 'केंद्राकडून'. आवाज चढवला. म्हातारं माणूस तुमच्या हलगर्जीपणामुळे खंगत चाललंय, म्हणालो. त्यांनी सिस्टरना बोलावून घेतलं.

सिस्टरनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, आजींनीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"तुम्ही यायच्या आधी दर शनिवारी सांगायच्या. मोठ्या येईल, त्याला आज नको म्हणा. काहीतरी कारण सांगा. त्याला झेपायचं नाही."

मला आई मोठ्या म्हणते. हे सिस्टरना आईशिवाय कोण सांगणार?

मी विचारलं, मग शिकवायचं कधी होतं? तर त्या आणखीच गोंधळल्या. "शिकवायचं राहिलंय कुठे? तुमच्या मिसेस रोज दुपारी येतात ना. महिना झाला. सगळं करतात आजींचं, माझ्यापेक्षा हलका हात आहे त्यांचा. आमच्याकडून कधीच हरकत नव्हती न्यायला. आजीच म्हणाल्या, त्याचा तो कागद पुरा होऊ दे. मनाला लागेल त्याच्या."

व्यवस्थापक टेबलावरची टाचणी उचलून बघायला लागले. ते माझ्याकडे बघत नव्हते ही त्यांची मेहेरबानी.

म्हणजे आई तिथे पडून राहिली ती माझ्या कागदासाठी. मला किळस येते हे तिनं हॉस्पिटलातच ओळखलं होतं. आणि मी तोंडघशी पडू नये म्हणून ती अर्धं अंग लुळं असताना माझ्यासाठी सबबी शोधत होती. मी त्या सबबी लाल रंगात लिहून ठेवत होतो.

तिच्या खोलीत गेलो नाही. जाववलं नाही. पुन्हा पळालो, असंच म्हणायचं.

८ एप्रिल, घरी आल्यावर

हिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"आई म्हणाल्या, सांगू नकोस. आणि तुमच्या चार्टवर ते तुमच्या नावावर होतं. कसं सांगणार?"

"मला वाटलं, तुला आई नको आहे इथे."

हिच्या हातात उशीचा अभ्रा होता. तो तसाच राहिला. "असं वाटलं तुम्हाला?" एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं अभ्रा उशीला घातला, नव्या पलंगावर उशी ठेवली आणि दोनदा सारखी केली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "उद्या केंद्रात फोन करून रविवारचं सांगा. तेवढं तरी करा."

१२ एप्रिल

आई आली.

चाकांच्या खुर्चीसाठी उतार केला होता तो गाडीच्या दारापासून एक वीत लांब पडला. पुलांचा आराखडा करणाऱ्या माणसाच्या घरी हे. धाकट्यानं कपाळाला हात लावला आणि आईला सरळ उचलून आत आणलं. मी मागून तिची चप्पल घेऊन चाललो. तिनं घरभर नजर फिरवली, दांड्याला हात लावून बघितला, आणि धाकट्याला म्हणाली, "छान. झालंय." मग माझ्याकडे वळून, "तुझंही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकट्याला दारात गाठून म्हटलं, त्या दिवशी चुकलो. तो म्हणाला, सोड रे. पण तो लगेच निघाला. अजून त्याच्या मनातून गेलेलं नाही.

२१ एप्रिल

आईचं सगळं हीच करते. सकाळी दार लोटून घेते, आतून दोघींचं हळू बोलणं ऐकू येतं, कधी हसणंसुद्धा. आई दोन्ही वेळा जेवते. व्यायाम करते. परवा तिनं उजव्या हाताची दोन बोटं हलवून दाखवली, ही टाळ्या वाजवायला लागली.

मी बाहेर उभा असतो. आज हिय्या करून आत गेलो, म्हटलं, मला दाखव, मी करतो. आईनं चांगल्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "तू नको." हळूच म्हणाली, रागावून नाही. हिनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी बाहेर आलो.

आणि खरं तेच लिहायचं तर बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं. इतकं सगळं होऊनही.

३ मे

ही आज सकाळीच तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीचं ऑपरेशन आहे, संध्याकाळपर्यंत येईल. जाताना आईच्या पलंगाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, मला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. बाकीचं काही बोलली नाही. आईचं आवरून गेली होती.

सकाळी चहा नेला. आई म्हणाली, नको. मला वाटलं, झोप झाली नसेल. पेपर वाचून दाखवला. जेवणही दोन घास, तेही कोरडं कोरडं. गोळी तिनं घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि ग्लास माझ्या हातात परत दिला. मी तो खाली ठेवला आणि माझ्या कामाला लागलो.

दुपारी येऊन बघितलं तर तिचे ओठ पांढरे पडले होते, जीभ सारखी त्यांवरून फिरत होती. तांब्या काठोकाठ भरलेला. उकाडा एवढा की माझी स्वतःची दुसरी बाटली संपली होती.

"आई, पाणी देऊ?"

"तहान नाही."

"सकाळपासून प्यायली नाहीस तू."

ती खिडकीकडे बघायला लागली. "येईल ती. संध्याकाळी."

तेव्हा मला कळलं. प्यायली की जावं लागणार, आणि घरात मी एकटा. म्हणून सकाळपासून कोरडी पडून होती. तोंड सुकवून घेत होती ती माझ्यासाठी.

मी पलंगावर बसलो. तिचा हात धरला. तो तिनं काढून घ्यायला बघितला, मी सोडला नाही. मी रडलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही. वाटायची ती दुसरीकडेच इतकी वाटते आहे. म्हणालो, "आई, मला येत नाही नीट. माझं तोंड वाकडं होईल आणि ते तुला दिसेल. तुला त्रास होईल, मलाही होईल. पण तू पाणी पी."

"नको रे, मोठ्या."

"पी."

ग्लास भरून तिच्या ओठांना लावला. बराच वेळ तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. एक्स्चेंजमध्ये लाइन लागते आहे की नाही ते ऐकत बसायची, तशी. मग प्यायली. घटाघटा, थोडं हनुवटीवरून सांडलं. मी दुसरा ग्लास भरला. तोही प्यायली.

तेव्हापासून आम्ही दोघं बसून आहोत. ती खिडकीबाहेर बघते आहे, मी तिच्या पायाशी बसून हे लिहितो आहे.

आत्ता तिनं हाक मारली.